तालमीचे दार

‘तालीम’ हा शब्द आपण मराठीत दोन ठिकाणी वापरतो. नाटकाची तालीम होते आणि पैलवानांचीही तालीम असते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र एकच आहे, तो म्हणजे शिक्षण. उर्दूत आजही शाळा-महाविद्यालयांतील शिक्षणाला तालीम असेच म्हणतात. मराठीने हा शब्द घेतला आणि तो मेहनतीने अंगी मुरवायच्या शिक्षणाला व त्या शिक्षणाच्या जागेला दिला. या जागेच्या भोवतीचे इतर शब्दही असेच दूरदूरचे आहेत. कुस्ती, पैलवान आणि वस्ताद हे शब्द फारसीतून आले. आखाडा हा संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून बनला. शड्डू ठोकणे, लंगोट कसणे, चितपट करणे, धोबीपछाड देणे, सावध पवित्रा घेणे हे वाक्प्रचार तर ज्यांनी कधी मातीत पाऊल टाकले नाही अशी माणसेही रोज वापरतात. ‘अमक्याच्या तालमीत तयार झालेला’ असे आपण गवयाबद्दल आणि वकिलाबद्दलही म्हणतो. एखादी संस्था समाजात किती खोल रुजली आहे, हे तिच्या भाषेतील पाऊलखुणांवरून कळते.

तालीम म्हणजे केवळ व्यायाम करण्याची खोली नव्हे. ती गल्लीची, पेठेची किंवा गावाची सामाईक वास्तू असते. तेथे व्यायाम, कुस्ती, मल्लखांब आणि लाठी, दांडपट्टा यांसारख्या शस्त्रांचे शिक्षण मिळते. ते एकट्याने घ्यायचे नसते. जोडीदार लागतो आणि शिकवणारा वस्तादही लागतो. अशा संस्था भारताच्या बहुतेक प्रांतांत आहेत. उत्तर भारतात आखाडे आहेत, केरळात कळरी आहे, पंजाबात गतका शिकवणारे गट आहेत. प्रत्येकाची पद्धत निराळी आहे. येथे आपण ज्या तालमीने मराठी समाज घडवला तिचाच विचार करू. विचारायचा प्रश्न एकच आहे : या तालमीचे दार कोणाकोणासाठी उघडे होते आणि आज कोणासाठी उघडे आहे?

जुन्या तालमीची बांधणी पाहण्यासारखी असते. जाड भिंती, लहान खिडक्या आणि बऱ्याच ठिकाणी ठेंगणे दार. ताठ मानेने आत जाता येत नाही, वाकावेच लागते. भिंती जाड आणि खिडक्या लहान असल्यामुळे आत ऊब टिकते व घाम आलेल्या अंगाला वारा लागत नाही. एका कोनाड्यात मारुती असतो. मधोमध मातीचा चौकोन असतो, त्याला कोल्हापूरकडे ‘हौदा’ म्हणतात. ही माती साधी नसते. तांबडी माती चाळून, खडे वेचून घेतात आणि तिच्यात तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, कापूर अशा वस्तू कालवतात. अशी माती मऊ राहते, तिला वास येत नाही आणि खरचटलेल्या कातडीला ती कमी त्रास देते. वापराने माती दडपून घट्ट होते, म्हणून हौदा रोज फावड्याने उकरावा लागतो. हे काम गड्यामाणसाकडे सोपवलेले नसते. जो लढणार तोच उकरणार. पाठ, खांदे आणि मनगटे यांना फावड्याइतका चांगला व्यायाम क्वचितच मिळतो. शिवाय ज्या मातीवर आपण दुसऱ्याला पाडणार आहोत ती मऊ ठेवण्याची जबाबदारीही आपलीच आहे, ही जाणीव त्यातून होते.

पैलवानाचा दिवस पहाटे, उजाडण्यापूर्वी सुरू होतो. पहिली मेहनत जोर आणि बैठकांची. जोर काढताना हाताचे तळवे आणि पायांचे चवडे जमिनीवर टेकलेले असतात. छाती जमिनीलगत आणून, कमानीसारखी पुढे काढून वर न्यायची असते. छाती, दंड आणि कणा यांना एकाच वेळी काम मिळते. बैठकांनी मांड्या आणि दम वाढतो. त्यानंतर मुद्गल, करेला फिरवणे, दोर चढणे, आणि मग प्रत्यक्ष लढत. डाव एकेक करून, सावकाश, पुन:पुन्हा घोटून घेतात. नवशिक्याला आधी डाव शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे ओढून, हात मोकळे ठेवून, डोके वाचवून पडता आले की निम्मी भीती जाते. भीती गेल्याशिवाय डाव अंगी लागत नाही, हे प्रत्येक वस्तादाला ठाऊक असते.

मल्लखांब हा या मेहनतीचाच एक भाग. कुस्तीच्या तयारीसाठी पुरलेला लाकडी खांब हेच त्याचे मूळ रूप. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या कलेला नवे रूप दिले. खांबाला एरंडेल तेल चोळतात, त्यामुळे अंग घासून भाजत नाही आणि पकडही टिकते. खांब हा एक विलक्षण जोडीदार आहे : तो ढकलत नाही, दगा देत नाही आणि आपली चूक क्षणात दाखवून देतो.

शस्त्रांचे शिक्षण कोल्हापूर भागात ‘मर्दानी खेळ’ या नावाने टिकून आहे. लाठी, फरी-गदगा, विटा, भाला आणि दांडपट्टा ही त्यातील प्रमुख शस्त्रे. दांडपट्ट्याचे पाते लांब, सरळ व लवचिक असते आणि मूठ कोपरापर्यंतचा हात झाकणारी असते. मनगट आत अडकलेले असल्यामुळे पट्टा हाताने नव्हे, खांद्याने, कमरेने आणि पायांनी चालवावा लागतो. म्हणूनच शिकणाऱ्याच्या हातात आधी साधी काठी देतात आणि कित्येक दिवस फक्त पवित्रे करून घेतात. पवित्रा म्हणजे पाय ठेवण्याची आणि तोल सांभाळण्याची रीत. ‘पवित्रा घेणे’ या वाक्प्रचारात पुढे भूमिका घेण्याचा अर्थ आला. मूळचा अर्थ मात्र पायाशी आहे.

आता दाराकडे वळू.

एकोणिसाव्या शतकात पुण्यात लहुजी साळवे यांची तालीम होती. लोक त्यांना आदराने वस्ताद म्हणत. ते मांग समाजातले होते, म्हणजे त्या काळच्या रूढीनुसार अस्पृश्य मानलेले. तरीही दांडपट्टा, लाठी, नेमबाजी शिकण्यासाठी इतर जातींचे तरुण त्यांच्याकडे येत. जोतीराव फुले हे त्यांच्यापैकी एक. लहुजींकडे आपण दांडपट्टा व नेमबाजी शिकलो याची नोंद फुल्यांनी स्वत: केली आहे. १८४८ साली फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा चालवल्या, तेव्हा विरोध करणाऱ्यांपुढे लहुजी या कामाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या नात्यातील मुक्ता साळवे ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली. तिने मांग-महारांच्या दु:खाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. त्या वेळी ती अवघी चौदा वर्षांची होती. तालमीतून शाळेकडे जाणारी ही वाट आपल्या इतिहासात फार कमी वेळा सांगितली जाते. ज्या हातांना पट्टा फिरवण्याची सवय होती, त्यांनी पाटी-पुस्तकांचे रक्षण केले. ‘तालीम’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र आले.

सगळीकडे असे नव्हते. अनेक गावांत तालमीचा उंबरा जात पाहून ओलांडू दिला जाई. हा प्रघात मोडायचा तर सत्तेचे पाठबळ हवे होते आणि कोल्हापुरात ते राजर्षी शाहू महाराजांनी दिले. १८९४ ते १९२२ या त्यांच्या कारकिर्दीत कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी बनली. अस्पृश्य मानलेल्या जातींतील मल्लांना मानाची नावे देऊन त्यांनी मैदानात आणले. पंजाबातील नामांकित पैलवानांना त्यांनी आश्रय दिला. १९०२ साली युरोपच्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहिले होते. त्या धर्तीवर बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. मधोमध खाली हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशा रचनेमुळे हजारो प्रेक्षकांना कोठूनही कुस्ती दिसते. आजही तेथे मैदाने भरतात.

कोल्हापूरच्या तालमींविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ती आश्चर्याची वाटते. येथील कित्येक तालमी गणपती बसवतात आणि मोहरमात पंजेही बसवतात. बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर पंजा प्रसिद्ध आहे. पेठेतील सर्व धर्मांची माणसे दोन्ही उत्सवांत राबतात. पुढे याच तालमींनी फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही फुटबॉल संघांची नावे आहेत, हे अनोळखी माणसाला पटकन खरे वाटणार नाही! पण तालीम ही मुळात पेठेची एकत्र येण्याची जागा होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यात विसंगती उरत नाही.

अशीच उदारता महाराष्ट्राबाहेरही दिसते. बडोद्यात जुम्मादादा या गुरूंच्या नावाने ओळखले जाणारे व्यायाममंदिर त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी नावारूपाला आणले. बडोद्यातूनच दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. अंगमेहनतीची विद्या ग्रंथात आणण्याचा एवढा मोठा उद्योग भारतीय भाषांत दुर्मीळच म्हणावा लागेल. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली.

तालमीच्या मातीतून निघालेले सर्वांत मोठे नाव खाशाबा जाधव यांचे. १९२६ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. वडील पैलवान होते, पहिले डाव घरीच मिळाले. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले आणि तेथे त्यांची गाठ मॅटशी पडली. मातीवर पाय रुततो, मॅटवर तो घसरतो किंवा चिकटतो. मातीच्या जुन्या कुस्तीत वेळेचे बंधन नसे, पाठ टेकली की निकाल. मॅटवर मात्र वेळ आणि गुण यांचा हिशेब असतो. अशा अनोळखी जागेवर त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची अडचण होती. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी मदत केली. तेथे खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. या पदकात वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचा वाटा होता, असे मला वाटते.

तालमीच्या दाराची सर्वांत घट्ट लागलेली कडी मात्र स्त्रियांसाठी होती. हौद्याला स्त्रीचा स्पर्श होऊ नये, अशी समजूत अनेक ठिकाणी पाळली जाई. तिला शास्त्राचा आधार नव्हता, सवयीचा होता. हमीदा बानू या उत्तर प्रदेशातील मल्ल स्त्रीने १९५४ साली बडोद्यात बाबा पैलवान यांना १ मिनिट ३४ सेकंदांत हरवले, तेव्हा देशभर चर्चा झाली. पण त्या चर्चेने तालमीचे दार उघडले नाही. २००४ साली स्त्रियांच्या कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला. २०१६ साली हरियाणाच्या साक्षी मलिकने रिओ येथे कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र केसरी’ ही स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. स्त्रियांसाठीची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ मात्र २०२३ साली सांगलीत झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. दोन्ही सालांमधील अंतर बासष्ट वर्षांचे आहे. एवढ्या काळात किती मुली दाराबाहेरून नुसत्या पाहत राहिल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

दार रुंद केले म्हणजे काय घडते, हे मुंबईत दादरला पाहता येते. शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली काळे गुरुजींनी स्थापन केले. येथे लहान मुले, मुली, गृहिणी, नोकरदार, आजी-आजोबा असे सर्व वयांचे लोक येतात. दृष्टिहीन विद्यार्थिनींनाही मल्लखांब शिकवला गेला. डोळ्यांनी न पाहता दोरावर केलेली आसने हा केवळ कौतुकाचा विषय नाही. मल्लखांब ही मुळात स्पर्शाची आणि तोलाची विद्या आहे, हे त्यातून सिद्ध झाले. संस्थेचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा २०१९ साली शिवाजी पार्कवरच झाली. आता ही कला मराठी मुलखापुरती राहिलेली नाही. मध्य प्रदेशाने २०१३ साली तिला राज्यखेळाचा दर्जा दिला. छत्तीसगडच्या अबुझमाड या दुर्गम भागातील आदिवासी मुलांनी मल्लखांबाच्या जोरावर २०२३ साली दूरचित्रवाणीवरील देशपातळीची स्पर्धा जिंकली.

सर्व वयांना एकत्र शिकवायचे तर सर्वांना एकच मापदंड लावून चालत नाही. जुन्या वस्तादांना हे पुस्तक न वाचता समजलेले होते. जत्रेतील कुस्त्यांचा क्रमच पाहा. सुरुवातीला लहान पोरे रेवड्या-बत्ताशांसाठी लढतात, मग नारळावरच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस कलता कलता मोठ्या पैलवानांची जोड. हलगी मात्र सर्वांसाठी तेवढ्याच जोरात वाजते. तालमीतही मुलाला जे दिले जाते ते प्रौढाला दिले जात नाही. मुलाच्या अंगात लवचिकता असते, म्हणून त्याला कोलांट्या आणि दोर. पंचविशीच्या तरुणाला लढत. चाळिशीनंतर प्रथमच येणाऱ्याला थोड्या बैठका, हलका मुद्गल आणि लाठीचे पवित्रे. लाठी म्हाताऱ्या माणसालाही जमते, कारण तिच्यात ताकदीपेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे असते.

वस्तादाचे दुसरे काम अधिक कठीण असते, ते म्हणजे आवर घालणे. शिकलेले डाव गल्लीत वापरायचे नाहीत, दुबळ्यावर हात टाकायचा नाही, जोडीदाराला जखम झाली तर लढत तेथेच थांबवायची, हे नियम भिंतीवर लिहिलेले नसतात. ते रोजच्या वागण्यातून शिकवले जातात. हे नियम नेहमी पाळले गेले असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. पैलवानांचा उपयोग निवडणुकीच्या धाकदपटशासाठी झाला, काही तालमी दादागिरीचे अड्डे बनल्या. ताकद शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेसमोर हा धोका असतो. तो टळतो तेव्हा त्याचे श्रेय बहुधा एखाद्या करड्या वस्तादाला असते.

आज तालमीपुढची मोठी अडचण खर्चाची आहे. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम आणि बडीशेप-खसखस वाटून केलेली थंडाई. मांसाहारी असल्यास मटण. हा खर्च शेतकरी किंवा कामगार कुटुंबाला झेपणे अवघड असते. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेले धारोष्ण दूध पिण्याची रीत यातूनच रुजली. झटपट शरीर कमावण्यासाठी विकली जाणारी औषधे व इंजेक्शने हा दुसरा धोका; त्यांनी स्नायू फुगतात आणि हृदय, यकृत बिघडते. शहरांत तालमीच्या जागांना सोन्याचा भाव आला आहे. काही तालमींनी हौद्याशेजारी मॅट घातली आहे, म्हणजे मातीही राहते आणि स्पर्धेची तयारीही होते. हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

तुमच्या गावात किंवा वस्तीत अशी जागा असेल आणि तेथे जावेसे वाटत असेल, तर आधी दोन-चार दिवस नुसते जाऊन बसा. शिकवणारा लहान मुलांशी कसा बोलतो, जखमी झालेल्याला विश्रांती देतो की हिणवतो, मुलींसाठी वेळ आणि कपडे बदलण्याची जागा आहे का, हे पाहा. वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या आणि वस्तादांनाही स्पष्ट सांगा. जेवल्यावर लगेच मेहनत करू नका. नखे कापलेली असावीत, अंगठी आणि गळ्यातली साखळी घरी ठेवावी. त्वचेचा काही विकार असेल तर बरा होईपर्यंत हौद्यात उतरू नये, कारण माती सर्वांची असते. पहिल्या दिवशी कदाचित एकही डाव शिकवला जाणार नाही. कोपऱ्यातले फावडे हातात देऊन वस्ताद हौदा उकरायला सांगतील.